दोऱ्यावरच्या मुंग्या

"थुंका! आत्या, आधी थुंका तो घास!"

विशाखा चुलीपुढून अशी उठली की हातातलं उलथनं राखेत पडलं. लीलाबाईच्या मांडीवर नऊ महिन्यांची प्रेरणा चिमणीच्या पिलासारखी तोंड वासून बसली होती. लीलाबाईनं भाकरीचा तुकडा स्वतःच्या दाताखाली बारीक केला होता; थुंकायच्या ऐवजी तिनं तो बोटावर घेतला, आता तो नातीच्या तोंडात जाणार, तेवढ्यात विशाखानं तो वरच्यावर झडपला.

"असं काय करू राह्यली गं? इख देऊ राह्यले का मी तिला?"

"इख नाही म्हणत मी. पण चावलेलं नका घालू. किती वेळा सांगितलं? तुमची दाढ किडलेली, हिरड्यांतून रक्त येतं. ते सगळं हिच्या पोटात जायचं."

"धम्मपाल याच तोंडचं खाऊन वाढला. त्याच्या पाठच्या दोघी बी. तव्हा कोणी नाय म्हनलं, लीलाबाई तुह्या तोंडात किडे हायेत म्हणून. आता घरात बीएस्सी सून आली तर किडे पडले व्हय?"

ओट्यावर तोंड खंगाळत बसलेला सासरा, कडुबा, आत न बघताच म्हणाला, "धम्याची माय, भाकर करपू राह्यली. भांडण मागून करा, ते कुठं पळून नाय चाललं."

विशाखानं भाकर उलटली. करपलीच होती. घास अजून तिच्या दुसऱ्या मुठीत होता. फेकायला म्हणून तिनं मूठ उघडली आणि तशीच थांबली. चावलेला घास म्हणजे कसा लगदा असतो, बोटाला चिकटतो. हा तर कोरडा भुगा होता. फुंकर मारली असती तर उडाला असता.

तिकडं लीलाबाईनं रागारागानं उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडात कोंबला होता. जबडा हलत होता, घास हलत नव्हता. शेवटी तांब्या उचलून तिनं घटाघटा पाणी ओतलं, तेव्हा तो खाली गेला. डोळ्यांत पाणी आलं.

"ठसका लागला," ती म्हणाली.

पोरगी झाल्यापासून विशाखाला एक खोड लागली होती. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर तिचा डोळा असायचा. पोरीचा श्वास मोजायचा, शीचा रंग बघायचा, सासऱ्याचा खोकला ऐकायचा. नवरा धम्मपाल वाळूजच्या कंपनीत, तिघांत मिळून बजाजनगरला खोली; तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधले दिवस हिनंच निभवायचे. दमून जायची, पण डोळा मिटायचा नाही. सासूचं तिनं महिनाभर बघितलं होतं. उशाला तांब्या. सकाळी ओठ पांढरे. जिभेवर वाळल्या तळ्यासारख्या भेगा. डाव्या गालाखाली हात धरून बसणं. साखरेची गोळी चार वर्षांची, बीपीची सहा वर्षांची. त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पण हा कोरडा घास नवा होता.

संध्याकाळी आणखी एक दिसलं. लीलाबाई नातीसाठी गोधडी शिवत होती. जुन्या नऊवारीचे पदर, कडेला लाल काठ, आत धम्मपालचे फाटके शर्ट. गावात तिच्या गोधडीचं नाव होतं, कारण तिचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे आणि सगळे सारखे. तिची रीत अशी, की दोरा नुसता टोकाला ओला करायचा नाही. आख्खा हातभर दोरा ओठांतून ओढून घ्यायचा. मग तो गुंतत नाही, पीळ सोडत नाही. आज तिनं दोरा ओठांतून ओढला, बघितला. परत ओढला. कोरडाच. टोक सुईच्या नाकाशी पिसारत होतं. पाचव्यांदा तिनं सुई गोधडीत खुपसली आणि सगळं गाठोडं कोपऱ्यात लोटलं.

"नजर गेली वाटतं," ती म्हणाली. नजर तिची चांगली होती.

आठवडाभरात गाल वर आला. कापूस वेचायचे दिवस होते. परतीच्या पावसानं अर्धी बोंडं काळी पडलेली, उरलेली एकदम फुटलेली. सकाळी दवात बोटं बधिर व्हायची आणि दुपारी त्याच वावरात पाठ भाजून निघायची. शेजारच्या आशाबाईशी सावड होती, आज हिच्या वावरात तर उद्या तिच्या. आशाबाई म्हणजे बोलायला बसली की बोंडं सुद्धा तिचं ऐकून फुटतील अशी बाई.

"लीलाबाई, गाल कामून असा? धम्मपालच्या बापानं हाणलं का काय?"

"त्याच्यात कुठं राह्यला एवढा जीव."

"मंग बाजारात चल ना. तो झाडाखाली बसतो ना, दात मांडून? मह्या नंदेची दाढ त्यानं दोन बोटांत काढली. चिमूटभर काहीतरी लावतो आन् झालं. दवाखान्यात जाशील तर दहा फोटू काढतील."

वावराच्या धुऱ्यावर झोळीतल्या पोरीला हलवत बसलेल्या विशाखानं हे ऐकलं. तिनं तिथूनच धम्मपालला फोन लावला. त्याची दुसरी पाळी सुरू व्हायची होती.

"आईला सांग ना तू," तो म्हणाला.

"मी सांगितलं की त्या उलटं करतात. तुम्ही सांगा."

त्यानं सांगितलं. काय सांगितलं ते कळलं नाही, पण लीलाबाईनं फोन परत देताना एवढंच म्हटलं, "उद्या चल. तुह्यामुळं लेकरू कंपनीतून ओरडू राह्यलं."

शहरातल्या दातांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण विशाखाच्याच वयाची होती. लीलाबाई खुर्चीत अशी बसली, जणू कुणी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात बसवलंय.

"आजी, तोंड उघडा. अजून."

"याच्याहून उघडलं तं जबडा तुमच्या हातात यील, बाई."

डॉक्टरीण हसली. तिनं लहानसा गोल आरसा आत घातला आणि गाल बाजूला केला. आरसा काढायला गेली तर तो निघेना. गालाच्या आतल्या बाजूला चिकटून बसला होता. तिनं कापूस भिजवून तो सोडवला, तेव्हा लीलाबाई कण्हली. डॉक्टरणीचं हसू गेलं.

"लाळच नाही," ती विशाखाकडं बघून म्हणाली. "कधीपासून आहे असं?"

विशाखाला कोरडा घास आठवला. दोरा आठवला. "महिना झाला असेल. जास्तही असेल."

"तोंडाला पाणी सुटतं ना आपल्या, आजी, ते काही नुसतं गिळायला नसतं. ते रात्रंदिवस दात धूत असतं. तुमचं आटलंय. साखर वाढली की आटतं, बीपीच्या काही काही गोळ्यांनीही आटतं. आणि जे थोडं उरलंय, त्याच्यातही साखर उतरते. मग किडीला आयतंच खायला. ही दाढ तर गेलीच, शेजारच्या दोन हलतायत. हिरड्या सुजल्यात, त्यानं साखर आणखी वाढते, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी सुजतात."

"मंग काढून टाका ना बाई. त्याच्यासाठीच तर आले."

"काढायचीच आहे. पण आज नाही. साखर तीनशे चाळीस आहे, बीपी एकशे ऐंशी. आज काढली तर जखम भरायची नाही, चिघळेल. जंतू रक्तात उतरले तर जिवावर येईल. पू आहे तेवढा काढून देते. गोळ्यांसाठी चिठ्ठी देते, तुमच्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. पंधरा दिवसांनी या. साखर दोनशेच्या आत पाहिजे. मधेच ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी या. गोड बंद. मशेरी बंद. घोट घोट पाणी पीत राहायचं."

"दाढ काढाया आले आन् चहा काढून घेतला," लीलाबाई उतरता उतरता म्हणाली.

परतीला काळीपिवळी जीप हर्सूलच्या जेलपाशी अडकली. लीलाबाई गालाला पदर लावून त्या लांबलचक भिंतीकडं बघत होती.

"आतल्या मानसाला बी भाकर गिळत असंल," ती म्हणाली.

विशाखानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिनं एक घोट घेतला आणि बाटली परत केली. "बस. रस्त्यात कुठं उतरू मंग?"

दुसऱ्या दिवसापासून घरात विशाखाचं राज्य आलं. साखरेचा डबा पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. गुळाची ढेप माहेरी आईकडं पाठवून दिली. चहा सगळ्यांना बिनसाखरेचा.

"साखर हिची वाढली," कडुबा कप तोंडाशी नेऊन परत खाली ठेवत म्हणाला. "मला कामून जेल?"

"मामा, घरात असली की हात जातो."

"मह्या हाताचं नाव घेती, हिच्या हाताचं कोण बघतं?"

रोज सकाळी विशाखा सासूच्या बोटाला सुई टोचून यंत्रावर थेंब ठेवायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीनं मांडायची. तीनशे अठरा. तीनशे सव्वीस. तीनशे अकरा. तीनशे बावीस. डॉक्टरांकडून बदलून आणलेल्या गोळ्या तिच्या डोळ्यांदेखत घेतल्या जात होत्या. मशेरीची डबी तिनं स्वतः उकिरड्यावर रिकामी केली होती. भात बंद केला होता. सूज पू काढल्यामुळं उतरली होती, पण आकडा जागचा हलत नव्हता. तिनं यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःचं बोट टोचलं, एक्क्याण्णव. कडुबाचं टोचलं, एकशे आठ.

"घ्या," कडुबा बोट चोखत म्हणाला. "निर्दोष सुटलो. चहात साखर टाका आता."

विशाखाला हसू आलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटत राहिलं. स्वयंपाक आपल्या हातात, किल्ली आपल्या गळ्यात, मग साखर येते कुठून? तिची स्वतःची पाठ आता रोज दुखायची. पोरीला वरचे दोन दात येत होते, ती चिडचिडायची. कधी कधी चूल फुंकता फुंकता विशाखाला वाटायचं, असंच फुंकणीला डोकं टेकून झोपून जावं.

एकच बरं दिसत होतं. लीलाबाई परत गोधडीला बसू लागली होती. दोरा ओठांतून ओढायची आणि तो ओला निघायचा. टाके भराभर पडायचे. रोज संध्याकाळी दोन-दोन ओळी. विशाखा कणीक मळता मळता बघायची आणि मनात म्हणायची, आकडा काही म्हणो, तोंडाला पाणी येऊ लागलंय. औषध लागू पडतंय.

नवव्या दिवशी दुपारी झोळीतली पोरगी किंचाळून उठली. मांडीवर तीन लाल गांधी उठल्या होत्या. विशाखानं तिला उचललं, अंगाखाली घातलेली अर्धवट शिवलेली गोधडी झटकली. मुंग्या. दूध सांडलं असेल, म्हणून तिनं गोधडी उन्हात टाकली, मुंग्या झाडल्या. अर्ध्या तासानं बघायला गेली तर परत आलेल्या. आणि आता तिला नीट दिसलं. दूध सांडलं असतं तर मुंग्या डागावर गोळा झाल्या असत्या. या एका ओळीनं चालल्या होत्या. लाल दोऱ्यावरून, टाक्याटाक्यानं, जणू कुणी आखून दिलेल्या वाटेनं. आषाढात शिवलेल्या ओळींवर एकही मुंगी नव्हती. सगळ्या गेल्या आठ दिवसांतल्या टाक्यांवर.

विशाखा उन्हात उकिडवी बसून किती तरी वेळ बघत राहिली. मग तिनं एक मुंगी बोटानं उडवली, वाकली आणि तो दोरा जिभेच्या टोकाला लावला.

गोड. गुळाचा गोडवा.

दिवस कलल्यावर लीलाबाई कापसाची ओटी पोटाशी बांधूनच घरी आली. आशाबाई मागं होती. विशाखा दारात उभी होती.

"आत्या, तोंड उघडा."

"काय?"

"उघडा म्हणते ना."

लीलाबाईनं तोंड उघडलं नाही. पण उजवा गाल, न दुखणारा, जरासा फुगलेला होता. आशाबाईनं लगेच आभाळाकडं बघायला सुरुवात केली.

"माय, मही म्हैस बांधायची राह्यली," ती म्हणाली आणि निघाली.

"आशाकाकू, थांबा. गूळ तुमच्या घरचाच ना?"

"आगं, तिचं तोंड लाकूड झालं व्हतं, वावरात बोलता येईना तिला. मह्यासंगं बोलली नाय तं मही वेचायची पात पुढं सरकत नाय. मी म्हनलं, एवढासा खडा ठेव गालात. औषध म्हणून दिला बाई, खायला नाय."

लीलाबाईनं ओटीत हात घातला. कापसात गुंडाळलेली कागदाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. मग तोंडातला खडाही काढला आणि पुडीवर ठेवला. हरभऱ्याएवढा उरला होता.

"घे. घाल पेटीत."

"आत्या, नऊ दिवस मी रोज तुमचं बोट टोचते. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला तो आकडा बघून. आणि तुम्ही दिवसभर गूळ खाता?"

"खाल्लं नाय मी!" लीलाबाई अशी ओरडली की आत पोरगी दचकली. "तुह्या गळ्याची आन, एक बी खडा चावला नाय, एक बी गिळला नाय. डाक्टरीण म्हनली, गोड खाऊ नको. मी खाल्लं नाय. नुसतं ठिवलं. ठिवणं म्हंजे खाणं व्हतं का?"

कॉलेजात शिकलेलं सगळं विशाखाच्या डोक्यात होतं आणि या एका प्रश्नाला ते कुठून सांगायला सुरुवात करावी, ते कळत नव्हतं.

"तो विरघळतो ना, आत्या. विरघळून कुठं जातो? पोटातच."

लीलाबाई ओट्याच्या कडेला बसली. "तुला तोंडात पाणी हाय. तुला काय मालूम. सकाळी उठलं का जीभ टाळूला चिकटलेली, बोटानं सोडवावी लागते. घास फिरतो, फिरतो, जात नाय. दोरा वला व्हईना. चाळीस वर्सं शिवू राह्यले, दोरा कधी वला झाला नाय असं झालं नाय. खडा ठिवला का जरा पाणी सुटायचं. वाटायचं, हाय, अजून हाय."

"पाणी प्यायचं ना मग. डॉक्टरांनी घोट घोट प्यायला सांगितलं."

"आन् जायचं कुठं?" लीलाबाईनं आवाज खाली घेतला, कारण कडुबा गोठ्यातून येत होता. "त्या गोळीनं आधीच घडीघडी जावं लागतं. कापूस कमरेएवढा. हिकडं बन्सीच्या वावरातले गडी, तिकडं रस्ता. सकाळी आठला वावरात गेलं का सांजच्याला पाच वाजेस्तोवर मी तोंडात घोट घालत नाय. आशा बी घालत नाय. कोणती बाई घालती?"

आशाबाई म्हैस विसरून तिथंच उभी होती. तिनं मान हलवली. "कोणीच नाय."

विशाखाचा हात गळ्यातल्या किल्लीकडं गेला. आपण पेटीला कुलूप घातलं, डबी उकिरड्यावर फेकली, पण वावरात बाई कुठं जाते हे एकदाही विचारलं नाही. आपण स्वतः पोरीमुळं धुऱ्यावर बसतो आणि दुपारी घरी येतो. आपल्याला कुठं मालूम होतं.

पण लीलाबाईचं मन आता दुखावलं होतं ते दुखावलंच. सुनेनं शेजारणीपुढं तोंड उघडायला लावलं. "उद्या बाजार हाय," ती म्हणाली. "मी जाऊन काढून येते. काय व्हायचं ते व्हईल. हे चोरासारखं जगणं नको."

आणि सकाळी ती खरोखर निघाली. विशाखा पोरीला न्हाऊ घालून बाहेर आली तर उशाचा तांब्या पालथा आणि नवं लुगडं दांडीवरून गेलेलं. तिनं ओल्या पोरीला तशीच पदरात गुंडाळली आणि फाट्याकडं पळाली. काळ्या रानातली वाट, दवानं चिखल झालेला, चप्पल रुतून तुटली. ती अनवाणीच गेली. तिच्या स्वतःच्या तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला लागत होती. हे असं असतं तर, तिला वाटलं, आणि हिला हे रोज.

लीलाबाई फाट्यावरच्या दगडावर बसली होती. गाडी आली नव्हती.

"वापस जाय," ती म्हणाली. "लेकराला सर्दी व्हईल."

विशाखा तिच्या शेजारी बसली. दम लागलेला. बोलायला म्हणून पळताना चार वाक्यं जुळवली होती, जंतू रक्तात उतरण्याची, जिवावर येण्याची. त्यातलं एकही निघालं नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "आशाकाकूंपुढं तोंड उघडायला लावायला नको होतं."

लीलाबाई रस्त्याकडं बघत राहिली.

"डॉक्टरणीनं पंधरा दिवस दिलेत. पाच उरलेत. ते पाच मला द्या. साखर उतरली नाही, तर पुढच्या बाजारी मीच तुम्हाला त्या झाडाखाली घेऊन येते. डोकं मी धरीन."

"तू धरशील?"

"धरीन."

"लस देताना पोरगी रडली तर तूच खाली पडली व्हती. नर्सबाईनं तुला पाणी पाजलं." लीलाबाईचा गाल दुखत होता तरी ओठ हलले. "तुला धराया आनिक एक मानूस लागंल."

गाडी आली, कर्णा वाजवून थांबली. पोरीनं आजीकडं हात टाकले. लीलाबाईनं गाडीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि गाडीवाल्याला हातानंच जाय म्हटलं.

त्याच दिवशी विशाखानं कडुबाला कामाला लावलं. त्यानं बाभळीचे चार मेढे तोडले, वावराच्या खालच्या अंगाला, लिंबाच्या मागं रोवले, आणि भोवती खताच्या पोत्यांचा आडोसा बांधला. बांधता बांधता कुरकुरला, "दोन एकरात आता हे एक पीक राह्यलं व्हतं." पण बांधला घट्ट, वरून जुन्या साडीचा पडदाही सोडला. पहिली आशाबाईच गेली. बाहेर आली तर तिनं पदर नीट करत कडुबाला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊजी, लई पुण्य लागंल तुम्हाला. पंचवीस वर्सं आधी बांधलं असतं तं आनिक लागलं असतं."

धुऱ्यावर पाण्याची कळशी आली. लीलाबाई पातीच्या टोकाला आली की दोन घोट घ्यायची. गालात गुळाऐवजी बडीशेपेचे चार दाणे. विशाखा डाळीत भाकर कुस्करायची, चांगली मऊ, दोन ताटल्यांत. एक नातीला, एक आजीला. आजी नातीला चावून देत नव्हती आणि नात आजीच्या ताटलीत हात घालत होती. त्यावरून काही भांडण झालं नाही.

दोनशे नव्वद. दोनशे बासष्ट. दोनशे सदतीस. चौथ्या दिवशी दोनशे बेचाळीस; विशाखानं पुडी पुन्हा शोधली, ओटी झटकली, उशी चाचपली. काही नव्हतं. लीलाबाई नुसती बघत होती. "झडती झाली का?" ती म्हणाली. विशाखा शरमली. पाचव्या सकाळी एकशे शहाण्णव. दोनशेच्या चारनं आत. तिनं तो कॅलेंडरात लिहिला, आणि पेन्सिल हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

धम्मपालनं सुट्टी टाकली. दाढ निघाली, पण सुखानं नाही. मुळं तीन, एक तुटून आत राहिलं, तेही काढावं लागलं. रक्त बराच वेळ थांबेना. डॉक्टरीण दोनदा कापूस बदलून गेली. विशाखा पडली नाही. पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, सासूची पावलं बघत; दुखलं की अंगठा ताठ व्हायचा, ओसरलं की सैल पडायचा.

"बाकीच्या दोन?" तिनं निघताना विचारलं.

"वाचतील का, सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "साखर अशीच धरून ठेवा. आणि लाळ... गोळी बदललीय, थोडा फरक पडेल. पण पहिल्यासारखी सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही. आता तोंड त्यांना सांभाळावंच लागेल, रोज."

रोज. विशाखाला त्या एका शब्दाचं ओझं खांद्यावर आल्यासारखं वाटलं. रोज सुई, रोज आकडा, रोज कुस्करा, रोज पहारा. आणि कापूस अजून अर्धा वावरातच होता.

चार दिवसांनी संध्याकाळी लीलाबाई ओट्यावर गोधडी घेऊन बसली. धुतलेली, उन्हात वाळवलेली. शेवटच्या तीन ओळी राहिल्या होत्या. शेजारी पाण्याची वाटी; विशाखानंच ठेवलेली. लीलाबाईनं दोरा वाटीत बुडवला, ओढला. पाणी टपकलं, दोरा फुगला, टोक फुलून सुईच्या नाकात जाईना. पिळला, परत लावला. तिनं वाटी बाजूला सारली.

"पाण्यानं नाय व्हत," ती म्हणाली. "पाणी निसटून जातं. थुकी धरून ठेवती."

विशाखा पोरीला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. लीलाबाईनं हातभर लाल दोरा तिच्यासमोर धरला.

"घे. तुह्या तोंडात हाय ना?"

विशाखानं दोऱ्याकडं बघितलं. ज्या गोधडीवर तिची पोरगी झोपणार होती, तिच्यासाठीचा तो दोरा. तिनं हात पुसले, दोरा घेतला, एक टोक ओठांत धरलं आणि सावकाश, सगळा, दुसऱ्या टोकापर्यंत ओढून काढला. ओला, सरळ, पीळ धरलेला.

लीलाबाईनं तो बोटांत फिरवून बघितला. पहिल्याच वेळी सुईत गेला.

"गोड तं नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही, आत्या."

"मंग आनिक एक करून ठिव," लीलाबाई म्हणाली आणि टाका घातला.